ताटातील मासळी कोठून येते?

शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या आपल्या घरांत मासळीला विशेष स्थान आहे. तथापि बाजारात दिसणारा प्रत्येक मासा आपल्याच किनाऱ्यावरचा असतो, हा समज आता खरा राहिलेला नाही. उत्तन, नायगाव, पाचूबंदर, अर्नाळा येथे उतरलेली मासळी, परप्रांतातून बर्फात आलेली मासळी आणि तळ्यांत वाढविलेली मासळी एकाच बाजारात शेजारी-शेजारी विकली जाते. ती ओळखावी कशी, याविषयी काही माहिती आम्ही येथे देत आहोत.

आपल्या किनाऱ्याचे खास जाळे म्हणजे डोल. ते लावणारा तो डोलकर. शंकूच्या आकाराची ही लांबलचक पिशवी समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात. भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी आत लोटतो आणि प्रवाह फिरण्याच्या सुमारास जाळे उचलले जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ असते, तेव्हा बोंबील, मांदेली, जवळा भरपूर येतो; भांगाच्या दिवसांत टोपल्या हलक्या राहतात. आज स्वस्ताई आणि आठवड्याने टंचाई, हे खऱ्या स्थानिक मासळीचे लक्षणच होय. बाराही महिने एकाच आकारात, एकाच भावात मिळणाऱ्या मासळीविषयी मात्र अवश्य विचारणा करावी. कोळीण मावशी सहसा खरे तेच सांगतात, असा आमचा अनुभव आहे.

ट्रॉलरप्रमाणे डोल समुद्राचा तळ खरवडत नाही. म्हणून ती सर्वस्वी निर्दोष आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तिच्या शेपटाकडील बारीक आसांत सरंग्याची (पापलेटची) पिल्लेही अडकतात, आणि आपण ती स्वस्त वाटा म्हणून आनंदाने घरी आणतो! राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. सरंगा १३५, बोंबील १८० व सुरमई ३७० मिलिमीटर. बोंबलाचे माप सोपे आहे: मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण तेवढे अंतर भरते. सरंग्याला त्याच वर्षी राज्यमासा घोषित करण्यात आले.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. त्यामुळे जुलैमध्ये ‘ताजी’ म्हणून मिळणारी सुरमई बहुधा शीतगृहातून किंवा पूर्वेकडून आलेली असते. या काळात खाडीतील बोय, निवट्या, चिंबोरी ही आपली खरी स्थानिक मासळी.

हॉटेलांत लोकप्रिय झालेला बासा समुद्रातला नव्हेच. तो व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात वाढविला जाणारा गोड्या पाण्यातील मासा आहे. त्याच कुळातील पंगास आंध्र प्रदेशातील तळ्यांतून येतो. बाजारातील पुष्कळशी कोळंबी व्हन्नामेई जातीची असते. ती मूळची अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची असून भारतात तिच्या संवर्धनास २००९ मध्ये परवानगी मिळाली. तळ्यातील मासळी खाण्यात गैर काहीच नाही, फक्त ती समुद्राच्या भावाने घेऊ नये.

पावसाळ्याच्या बेगमीचे सुके बोंबील मे महिन्यापूर्वीच घ्यावेत. बांबूच्या वलांडीवर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून उन्हात वाळविलेले असतात. गुजरातच्या जाफराबादकडूनही असा माल येतो. तेव्हा कोठला ते विचारूनच घ्यावा.