पेटी ते संगणक : कीबोर्डवरील संगीताचे संगणकीय स्थलांतर आणि नांदेड-लातूरची लोकसंगीत परंपरा

प्रस्तावना :
मराठवाड्यातील भजनी मंडळे, कीर्तने व जलसे यांत पेटीला दीर्घकाळ मानाचे स्थान राहिले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या शेजारी, आणि पुष्कळ ठिकाणी तिच्या जागी, विजेवर चालणारा कीबोर्ड आला. तो कोणत्याही कंपनीचा असला तरी लोकांच्या तोंडी त्याचे नाव 'कॅसिओ' असेच रूढ झाले. जपानच्या कॅसिओ कंपनीने आपला पहिला कीबोर्ड 'कॅसिओटोन २०१' १९८० मध्ये बाजारात आणला होता. अशा वाद्यावरील संगीत संगणकात नेताना नेमके काय नेले जाते आणि काय मागे राहते, याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पेटीविषयीचा जुना वाद :
पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला बैठकीत वाजविण्याजोगे रूप दिले. 'मानापमान' (१९११) या नाटकाचे संगीतकार गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांमुळे मराठी रंगभूमीवर ती प्रतिष्ठित झाली. मात्र त्याच सुमारास, १९१० मध्ये, कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला व पुढे श्रुती-हार्मोनियमचा पुरस्कार केला. पेटीचे स्वर बांधलेले असून तिच्यावर मींड निघत नाही, हा आक्षेप इतका प्रबळ होता की १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती १९७० च्या दशकात सैल झाली. कीबोर्डने पेटीच्या पट्ट्यांबरोबर हा वादही वारसाहक्काने स्वीकारला.

मिडीचा उदय :
चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत दहा राग रोलँड कंपनीच्या यंत्रांवर ध्वनिमुद्रित केले. त्या काळी निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये परस्परांशी जोडण्याची सर्वमान्य पद्धत नव्हती. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ती उणीव भरून निघाली. जानेवारी १९८३ मध्ये दोन कंपन्यांचे सिंथेसायझर जोडून दाखविण्यात आले आणि त्याच वर्षी 'मिडी' हे प्रमाणक प्रसिद्ध झाले. १९८५ च्या अटारी एसटी या संगणकात मिडीची जोडणी अंगभूतच होती. १९९९ पासून हेच संदेश यूएसबी तारेतून नेण्याची प्रमाणित सोय झाली.

ध्वनी आणि सूचना :
कीबोर्डवरील संगीत संगणकात दोन मार्गांनी जाते. पहिल्या मार्गाने प्रत्यक्ष ध्वनी मुद्रित होतो. सीडीच्या दर्जाच्या एका मिनिटास सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. दुसरा मार्ग मिडीचा. त्यात ध्वनी जातच नाही. कोणती पट्टी, किती जोराने व केव्हा दाबली, एवढ्या सूचना जातात. एका स्वराच्या आरंभाची सूचना अवघ्या तीन बाइटची असते. त्यामुळे लय, पट्टी किंवा चुकलेला स्वर नंतर सहज बदलता येतो.

स्वयंभू गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो, तर कीबोर्डचा गंधार ४०० सेंटवर. मिडीमध्ये स्वर वाकविण्यासाठी १६,३८४ पायऱ्यांची तरतूद असल्याने हे अंतर लिहिता येते. परंतु वादकाने स्वर वाकविणारे चक्र फिरविले असेल, तरच ती मींड नोंदली जाते. म्हणजेच मर्यादा संगणकाची कमी आणि पट्टीची व वादनपद्धतीची अधिक आहे.

नांदेड-लातूरचा संदर्भ :
माहूरच्या रेणुकेचा गोंधळ, माळेगावच्या खंडोबा यात्रेतील वाघ्या-मुरळीची गाणी, औशाचे चक्रीभजन आणि गावोगावची भीमगीते ही या भागाची सांगीतिक संपत्ती होय. १९९१ मध्ये निश्चित झालेल्या 'जनरल मिडी'च्या १२८ नादांच्या यादीत सतार व शहनाई आहेत, तुणतुणे नाही. तालवाद्यांच्या स्वतंत्र यादीत संबळ, हलगी वा ढोलकी नाही. परिणामी गोंधळाची चाल केवळ मिडी रूपात जतन केली, तर संबळाच्या जागी परक्या वाद्याचा नाद येतो. पुढील पिढीला चाल मिळेल, पण तिचा आवाज मिळणार नाही.

दुसरी अडचण साधनांची आहे. अनेक जुन्या कीबोर्डमध्ये चाली साडेतीन इंची फ्लॉपीवर साठविल्या जात. सोनी कंपनीने २०११ मध्ये फ्लॉपीचे उत्पादन थांबविले. चुंबकीय थर झिजत असल्याने त्यांवरील सामग्री लवकर संगणकात घेणे निकडीचे आहे.

निष्कर्ष :
१. मिडी ही संगीताची नोंदवही आहे, संगीताचा आवाज नव्हे.
२. लोकसंगीताच्या जतनासाठी मूळ गायन-वादनाचे ध्वनिमुद्रण प्रथम, आणि मिडी नोंद त्यास पूरक म्हणून करावी.
३. ज्या चालीची केवळ मिडी नोंद उरली आहे, तिच्यासोबत मूळ वाद्य, गायक, गाव व प्रसंग यांची लेखी माहिती जोडावी.
४. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चारही जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या संगीत, मराठी, इतिहास व संगणकशास्त्र विभागांनी हे काम एकत्रितपणे हाती घ्यावे. संबळ वाजविणारे हात आज उपलब्ध आहेत. त्यांच्या वादनाची नोंद त्यांच्या हयातीतच होणे अगत्याचे आहे.