थेम्स नदीखालील सिल्व्हरटाऊन बोगदा

ब्रिटनची राजधानी लंडनच्या पूर्व भागात थेम्स नदीच्या पात्राखालून बांधण्यात आलेला सिल्व्हरटाऊन बोगदा ७ एप्रिल २०२५ रोजी वाहतुकीसाठी खुला करण्यात आला. उत्तर तीरावरील सिल्व्हरटाऊन आणि दक्षिण तीरावरील ग्रीनिच द्वीपकल्प यांना जोडणारा हा बोगदा सुमारे १.४ किलोमीटर लांबीचा असून, जाण्या-येण्यासाठी त्यात दोन स्वतंत्र मार्ग आहेत.

टॉवर ब्रिजच्या पूर्वेस लंडनच्या हद्दीत थेम्सवर वाहनांसाठी एकही पूल नाही. त्यामुळे या भागातील बहुतांश भार जवळच्याच ब्लॅकवॉल बोगद्यावर पडत असे. त्याचा पहिला मार्ग १८९७ मध्ये, तर दुसरा १९६७ मध्ये सुरू झाला. जुना मार्ग वळणांचा आणि कमी उंचीचा असल्याने उंच वाहने अडकून तो वारंवार बंद ठेवावा लागे व दोन्ही तीरांवर वाहनांच्या रांगा लागत.

नव्या बोगद्याच्या खोदकामासाठी सुमारे १२ मीटर व्यासाचे यंत्र वापरण्यात आले. लंडनमधील पहिल्या महिला बसचालक जिल व्हायनर यांच्या स्मरणार्थ त्याला 'जिल' असे नाव देण्यात आले होते. नदीचे पाणी आत शिरू नये म्हणून हे यंत्र कापलेली माती पुढील कप्प्यात दाबाखाली धरून ठेवते आणि मागे काँक्रीटच्या तयार तुकड्यांची कडी बसवीत पुढे सरकते. २०२३ च्या फेब्रुवारीत ग्रीनिच येथे पोहोचल्यावर यंत्राचे तोंड फिरवून परतीचा मार्ग खोदण्यात आला.

बांधकामाचा खर्च खासगी कंपन्यांच्या समूहाने उभारला असून, त्याची परतफेड पथकरातून होणार आहे. उद्घाटनाच्या वेळी मोटारींसाठी गर्दीच्या वेळी ४ पौंड, तर दिवसाच्या अन्य वेळी दीड पौंड असा दर ठरविण्यात आला. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ विनामूल्य असलेल्या ब्लॅकवॉल बोगद्यालाही त्याच दिवसापासून पथकर लागू झाला.

नव्या रस्त्यामुळे वाहनांची संख्या आणि हवेचे प्रदूषण वाढेल, असा आक्षेप घेत पर्यावरणवादी संघटनांनी प्रकल्पास विरोध केला होता. पथकरामुळे वाहनसंख्येवर नियंत्रण राहील आणि बस व अवजड वाहनांसाठीच्या राखीव मार्गिकेमुळे सार्वजनिक वाहतुकीस चालना मिळेल, अशी लंडनच्या परिवहन प्राधिकरणाची भूमिका आहे. त्यामुळे या प्रकल्पाचे यश केवळ वाचलेल्या वेळावर नव्हे, तर दोन्ही तीरांवरील रहिवाशांना मिळणाऱ्या हवेवरही मोजले जाणार आहे.