माळवदाचं सवणं आणि वरच्या मातीचं माप

आज पिकाची नाही, घराची नोंद लिहितोय. पण धान्याशी अन् मातीशी तिचा संबंध आहे.

आपल्या मराठवाड्यात आणि सोलापूर भागात माळवदाची घरं होती, काही अजून उभी आहेत. पाऊस कमी, ऊन जास्त, दगड भरपूर. म्हणून दगडमातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर किलचन आणि सगळ्यात वर पांढरी माती. या सपाट छताला मधे एक चौकोनी भोक ठेवायचे. तेच सवणं. कुठं त्याला साणं म्हणतात.

सवण्यातून उजेड यायचा, चुलीचा धूर जायचा. आमच्या घरात बळदाच्या वरही एक सवणं होतं. सुगीला ज्वारी माळवदावर न्यायची आणि तिथून खाली बळदात ओतायची. लागेल तशी खालच्या तोंडातून काढायची. छताचं पाणी आत उतरू नये म्हणून सवण्याला भोवतीनं वीतभर उंच काठ असायचा. त्यावर शहाबादी फरशी नाहीतर पत्र्याचं झाकण.

मृगाच्या आधी म्हातारी माणसं माळवदावर चढायची. भेगा बुजवायच्या, गवत उगवू नये म्हणून मातीत मीठ घालायचं, पन्हाळ मोकळी करायची. सवण्याचा काठ ढासळला असेल तर लिंपायचा. आणि आमचे आजोबा काठ मातीच्या वर किती राहिला ते बघायचे. काठ बुडत आला की माती जास्त झाली. मग नवी टाकायच्या आधी जुनी खरडून काढायची.

पुढं दिवस बदलले. १९७२ च्या दुष्काळात बळदं रिकामी झाली. नंतर हायब्रीड आलं, ज्वारी पोत्यात राहू लागली. वीज आली, गॅस आला. सवण्याचं काम उरलं नाही. गळतंय म्हणून लोकांनी ती कायमची बुजवून टाकली. माती मात्र दरसाल पडतच राहिली, कारण गळतीला तोच एक इलाज माहीत होता. काठ गेला आणि माप गेलं.

३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. बहुतेक दगडमातीच्या भिंती अन् जड छताखाली झोपेतच गाडली गेली. पुष्कळ ठिकाणी भिंती पडल्या, पण लाकडी खांबांचा सांगाडा उभा राहिला. तज्ज्ञांनी पाहणीत भिंतींची कच्ची बांधणी आणि छतावरचा मातीचा भार ही कारणं सांगितली. दोष एकट्या मातीचा नव्हता, पण भार होताच.

हिशोब सोपा आहे. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास. वाळलेली, चोपलेली माती धरली तरी चार टनांच्या वर. पावसात भिजली की आणखी जड. दोन फूट झाली तर दोन ब्रास, आणि त्याखाली लेकरं झोपलेली.

ज्यांच्याकडं माळवद अजून आहे त्यांनी पावसाळ्याआधी एवढं करावं. सवणं असेल तर झाकण काढून काठाजवळ मातीची जाडी टेपनं मोजा. बुजवलेलं असेल तर लोखंडी सळई घालून बघा, किलचनाला लागली की थांबा. जाडी फुटाच्या वर असेल तर थोडी थोडी, सगळ्या बाजूंनी सारखी उतरवा. एकाच बाजूची काढू नका. काठाचं लाकूड वाळवीनं खाल्लं असेल तर बदला. तुळई वाकलेली दिसली तर आधी खालून टेकू द्या आणि जाणत्या सुताराला दाखवा, मगच वर चढा.

गळतं म्हणून नुसती माती टाकू नका. आधी मोजा.