तळपत्र्यावरील नाव आणि जिभेवरील नाव

जुन्या धातूच्या खेळगाड्या जमविणारा मनुष्य हाती आलेली गाडी प्रथम उलटी करतो. रंग, चाके, दारांची उघडझाप यांकडे त्याचे लक्ष मागाहून जाते. आधी तो तळपत्रा वाचतो. नाणी अभ्यासणाऱ्याला ही सवय अपरिचित वाटणार नाही. ठाणे शहरात आणि कल्याण-डोंबिवली या जोडनगरात असा संग्रह करणारे लोक आज आहेत. ज्या गाड्यांचे उत्पादन कायमचे थांबले, ज्यांचे कारखाने मोडले आणि साचे हातोहात विकले गेले, त्या गाड्यांवर त्यांचा विशेष जीव असतो. या छंदाकडे केवळ प्रौढांचे बाळपण म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यात एक विचारणीय गोष्ट आहे. तळपत्र्यावर एक नाव असते आणि तीच गाडी आठवताना जिभेवर पुष्कळदा दुसरेच येते. प्रस्तुत लेखात या दोन नावांतील अंतराचा विचार केला आहे.

या गाड्यांना मराठीत स्थिर असे नाव नाही. ‘डाय-कास्ट’ हा शब्द जसाच्या तसा रूढ झाला आहे. ‘ओतीव’ म्हणावे तर ते पुरेसे होत नाही, कारण देवाच्या मूर्ती किंवा घंटा जशा ओततात तसे हे काम नव्हे. वितळलेली मिश्रधातू येथे पोलादी साच्यात मोठ्या दाबाने घुसविली जाते. ‘साचा’ या शब्दात ओतण्याची कल्पना आहे, ‘ठसा’ या शब्दात दाबण्याची. या क्रियेत दोन्ही एकत्र आल्या आहेत. मिश्रधातू मुख्यतः जस्ताची. तीत सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि अल्प प्रमाणात मॅग्नेशियम व तांबे. ती कमी उष्णतेवर वितळते, म्हणून पोलादी साचा लवकर झिजत नाही आणि एका साच्यातून लक्षावधी नग निघू शकतात. तात्पर्य, या धंद्यात माल स्वस्त आणि साचा महाग. पुढील सर्व हकीकतीचे मूळ या एका गोष्टीत आहे. माल जेथल्या तेथे राहिला, साचे मात्र समुद्र ओलांडून गेले.

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९३३ च्या अखेरीस खेळण्यातील आगगाडीला शोभा म्हणून काही लहान मोटारी काढल्या आणि १९३४ मध्ये त्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव दिले. या मोटारी आगगाडीच्या सोबतीणी म्हणून जन्मल्या, त्यामुळे त्यांचे माप रुळांच्या मापाच्या आसपास राहिले. खऱ्या मोटारीच्या त्रेचाळिसाव्या हिश्शाचे जे प्रमाण संग्राहकांत आज प्रमाणभूत मानले जाते, त्याचे मूळ खेळण्यातील आगगाडीच्या मापात आहे. ‘डिंकी’ हा शब्द इंग्रजीच्या स्कॉटलंडकडील बोलीतला. नीटनेटके, लहानसे, गोजिरवाणे असा त्याचा अर्थ. मराठी कानाला तो ‘डिंका’च्या जवळचा वाटला असल्यास नवल नाही, परंतु त्यामुळे त्याचा प्रसार काही थांबला नाही. १९५३ मध्ये लंडनच्या लेस्नी कंपनीने काड्यापेटीच्या आकाराच्या खोक्यात मावणाऱ्या गाड्या आणल्या. त्यांचे ‘मॅचबॉक्स’ हे नावच होऊन बसले. १९५६ मध्ये स्वान्सी येथील मेटॉय कंपनीच्या ‘कॉर्गी’ गाड्यांना प्रथमच पारदर्शक काचा आल्या. ज्या मुलांच्या घरात रोज काडेपेटी वापरली जात होती, त्यांनीही या गाडीला कधी ‘काडेपेटी’ म्हटले नाही. विशेषनाम म्हणून आलेल्या शब्दाचा अर्थ कोणी लावीत नाही. तो अर्थासह नव्हे, अबरूसह उसना घेतला जातो.

भारतात या गाड्या मोकळेपणाने येण्याचा काळ फार थोडा होता. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई उत्पन्न झाली आणि चैनीच्या व अनावश्यक वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आले. खेळणी त्या वर्गात मोडणे स्वाभाविकच होते. यानंतर परदेशी खेळगाडी घरात येण्याचे मार्ग दोनतीनच उरले : जहाजावरील नोकरीतला किंवा विलायतेस जाऊन आलेला एखादा नातलग, नाहीतर क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूचा मुसाफिरखाना. ठाण्याहून किंवा डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबईस जाणाऱ्या कारकुनाच्या मुलाच्या वाट्याला यांपैकी काय येणार हे उघड आहे.

नेमक्या या पोकळीत कलकत्त्याचा माल शिरला. मेकॅनो कंपनीने आपले जुने, तिच्या दृष्टीने निरुपयोगी झालेले काही साचे १९६८ च्या सुमारास कलकत्त्याच्या एस. कुमार आणि कंपनीस विकले. ‘अटॅमको’ या व्यापारी नावाने या कंपनीने त्यांतून गाड्या काढल्या आणि त्यांना ‘निकी टॉइज’ असे नाव दिले. जॅग्वार ई-टाइप, जॅग्वार मार्क टेन, एमजीबी, फोक्सवॅगन १५००, मर्सिडीज २२० अशा गाड्या तीत होत्या. साचा तोच, म्हणून आकार तोच. मात्र रंग जाड, काम ओबडधोबड, चाकांची बसवण सैल. ‘डिंकी’ या नावाच्या जागी ‘निकी’ बसविताना ‘-की’ हा शेवट कायम ठेवला गेला, हे केवळ योगायोगाने घडले असे मानणे कठीण आहे. इंग्रजीत दोन्ही नावांतील दोन अक्षरे तेवढी दृष्टीस वेगळी पडतात, बाकी रूप डोळ्यास आणि कानास परिचित राहते. मूळ नावाचा हक्क हाती नसताना त्याचा पडसाद कायम ठेवण्याची ही युक्ती आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाला ती ठाऊक आहे : बाजारातील नक्कल ध्वनीत आधी होते, वस्तूत नंतर.

युक्ती साधली, ती अपेक्षेपेक्षा अधिक. गाडीच्या पोटाखाली कोणतेही नाव असो, बोलण्यात ‘डिंकी’च राहिले. संग्राहक आजही निकी गाड्यांना ‘भारतीय डिंकी’ म्हणतात. ‘डालडा’ हे नाव जसे सर्व वनस्पती तुपाचे झाले किंवा ‘कोलगेट’ हे नाव जसे कोणत्याही दंतधावनाचे झाले, तसाच हा प्रकार वाटेल. पण येथे एक भेद आहे. डालडा म्हणणाऱ्याला आपण डबा कोणत्या कंपनीचा आणला हे ठाऊक असते. ‘डिंकी’ म्हणणाऱ्याच्या स्मृतीत मात्र ती गाडी खरोखरच लिव्हरपूलची होऊन बसते. बालपणीची गाडी ‘बाहेरची’ होती, असे सांगणाऱ्याने ती उलटी केली तर तळपत्र्यावर भारतात बनल्याची मुद्रा निघण्याचा संभव बराच असतो. अशा वेळी स्मृतीस खोटी ठरविणे योग्य होणार नाही. ती नावाशी प्रामाणिक आहे, वस्तूशी नाही. परंतु इतिहासकाराने तिच्यावर भिस्त ठेवली तर एक अख्खा कारखाना नकाशावरून नाहीसा होतो. ज्या हातांनी परक्या साच्यात स्वदेशी जस्त भरले, ज्यांनी तो जाड रंग दिला, त्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. त्यांच्या कामाचे नावही जिभेने पुसून टाकावे, हा अन्याय लहान म्हणता येणार नाही.

कल्याणच्या रहिवाशांना यात एक ओळखीचा सूर ऐकू येईल. शेजारी, निर्वासितांच्या कल्याण छावणीतून १९४९ मध्ये उल्हासनगर हे गाव उभे राहिले. तेथील उद्योगी सिंधी कारागिरांनी नाना प्रकारचा माल बनविला आणि बोलीत ‘उल्हासनगरचा माल’ हा शब्दप्रयोग नकलेचा पर्याय म्हणून रूढ झाला; ‘यूएसए’ या अक्षरांवरचा विनोद तर सर्वश्रुत आहे. म्हणजे जवळ बनलेली चांगली वस्तू बाहेरची मानायची आणि जवळची म्हणून ओळखलेली वस्तू नकली मानायची, अशी दुहेरी रीत या भागात भाषेतच रुजलेली होती. निकीची जॅग्वार पहिल्या रीतीने बचावली. तिच्या कर्त्यांना त्याचा काही लाभ झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

याच्या अगदी उलट दिसणारे आणि मुळाशी तेच असलेले दुसरे उदाहरण खऱ्या मोटारीचे आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० ही मोटार बनत असे. १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत फियाटशी असलेला संबंध संपला. मोटारीचे नाव प्रथम ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि मग ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. पत्र्यावर नाव बदलले. मुंबई-ठाण्याच्या तोंडी ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरील तिची शेवटची टॅक्सीही नियमाने बाद झाली, तेव्हाही लोकांनी निरोप दिला तो बहुतांशी ‘फियाट’लाच. पद्मिनी हे नाव साहित्यातले आणि घरगुती असूनही टिकले नाही, यावरून परकीय नावाची पकड किती असते ते कळते.

आता संग्राहकाच्या दृष्टीने खरी उणीव पाहा. लिव्हरपूलच्या यादीत फियाट ६०० होती, फियाट ११०० नव्हती. साचाच नव्हता, म्हणून तो कलकत्त्यासही येऊ शकला नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी, रोज दारावरून जाणारी, लग्नाच्या वरातीत फुलांनी मढविलेली मोटार मुलाच्या मुठीत मात्र आली नाही. आली ती त्याने रस्त्यावर कधी न पाहिलेली जॅग्वार. प्रीमियर कंपनीचा दुसरा कारखाना कल्याण-शिळ रस्त्यावर डोंबिवलीनजीक होता. तेथे १९९० नंतरच्या दशकात फ्रेंच सहकार्याने प्यूजो ३०९ ही मोटार काही काळ बनली आणि भागीदारी लवकरच मोडली. तिचे आयुष्य इतके अल्प ठरले की तिला तोंडी नावही मिळाले नाही. या परिसरातील काही घरांत बाप मोटार जोडीत असेल आणि मुलगा मोटारी जमवीत असेल, तरी दोघांच्या मोटारी कधी एक झाल्या नाहीत.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. लिव्हरपूलचा कारखाना नोव्हेंबर १९७९ मध्ये बंद झाला, लेस्नी कंपनी १९८२ मध्ये बुडाली, मेटॉय १९८३ मध्ये. भारतात ‘मॅक्सवेल’, ‘मिल्टन’ या नावांनी कॉर्गी-मॅचबॉक्सच्या वळणाच्या गाड्या मिळत राहिल्या. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्लो प्लास्ट कंपनीच्या ‘लिओ’ने अमेरिकन मॅटेल कंपनीशी सहकार्य करून ‘हॉट व्हील्स’ गाड्या भारतात आणल्या. या गाड्यांचे रंग परदेशी आवृत्तीहून निराळे असत; तेव्हा तो उणेपणा वाटला, आज त्याच रंगांसाठी परदेशातील संग्राहक त्या शोधतात. २००१ मध्ये आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध उठले आणि दुर्मीळतेचा हा प्रकार संपला.

‘नॉस्टॅल्जिया’ या शब्दाला मराठीत दोन प्रतिशब्द आहेत. ‘स्मरणरंजन’ यात सुख आहे, ‘गतकातरता’ यात वेदना. मूळ शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्याने घरापासून दूर गेलेल्या माणसांच्या व्याधीस दिला, म्हणजे जन्मतः तो वेदनेचाच. ठाणे-डोंबिवलीच्या संग्राहकाला यांतील कोणता लागू पडतो? पुष्कळदा असे आढळते की त्याला हवी असते ती स्वतःजवळ असलेली गाडी नव्हे, तर शेजारच्या मुलाजवळ असलेली. शूद्रकाच्या नाटकातील चारुदत्ताच्या मुलालाही मातीचा गाडा नको होता. शेजाऱ्याच्या मुलाचा सोन्याचा गाडा एकदा हाती येऊन परत गेला होता, तो हवा होता. जे कधी आपले नव्हतेच त्याचे स्मरण रंजन करणारे कसे म्हणावे? ‘गतकातरता’ हा शब्द येथे अधिक जवळचा, परंतु तोही पुरता नाही. कारण जे गेले ते मुळात आलेच नव्हते.

या भावनेचा एक परिणाम मात्र चिंताजनक आहे. ‘बाहेरची’ गाडी जशी आठवते तशी ती दिसावी, म्हणून निकी गाड्यांचा जाड रंग खरवडून काढला जातो आणि लिव्हरपूलच्या नमुन्याप्रमाणे तुळतुळीत रंग दिला जातो; क्वचित तळपत्राही बदलला जातो. जुना शिलालेख वाचण्यास सोयीचा व्हावा म्हणून त्याची अक्षरे नव्याने कोरावी, तशी ही सुधारणा आहे. ज्या खडबडीत रंगावरून कलकत्त्याचा कारखाना ओळखू येतो, तोच नाहीसा झाल्यावर जिभेच्या म्हणण्याला हरकत घेणारा साक्षीदार उरत नाही.

जस्ताच्या मिश्रणात शिसे किंवा कथिल यांचा अंश राहून गेला, तर दमट आणि उष्ण हवेत धातूच्या कणाकणांत विकृती पसरते. गाडी फुगते, तिला भेगा पडतात आणि शेवटी भुगा होतो. युद्धपूर्व काळातील इंग्रजी गाड्यांत हा दोष विशेष आढळतो. खाडीकाठच्या ठाण्याची आणि कल्याणची हवा अशा गाड्यांना मानवणारी नाही. शिवाय डोंबिवलीतील जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचा सपाटा चालू आहे आणि माळ्यावरचे खोके खाली येताच भंगारवाल्याकडे जाते. खोक्यातील गाडी रंगविण्यापूर्वी अथवा विकण्यापूर्वी तिच्या तळपत्र्यावरील मजकूर, अक्षरांतील चुकांसह, उतरून ठेवला आणि घरात तिला कोणत्या नावाने हाक मारीत ते शेजारी लिहिले, तरी अभ्यासाला पुरेसे आहे. शिळ रस्त्यावरील प्रीमियरचा कारखाना बंद होऊन बरीच वर्षे झाली आणि त्या बाजूला मोठमोठ्या गृहसंकुलांची गर्दी झाली, तरी कोळे गावाजवळच्या मोकळ्या जागेला लोक ‘प्रीमियर मैदान’ म्हणतात. तेथे कोणती मोटार बनत होती, हे मैदानाच्या नावावरून कळत नाही.