ज्येष्ठ नागरिकांची आरोग्यसेवा व दीर्घकालीन शुश्रूषा (डहाणू व तलासरी)

डहाणू व तलासरी हे महाराष्ट्र राज्याच्या पालघर जिल्ह्यातील दोन तालुके आहेत. येथील ज्येष्ठ नागरिकांना केंद्र व राज्य शासनाच्या योजनांतून रुग्णालयातील उपचारांसाठी संरक्षण मिळते. मात्र अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची घरी वर्षानुवर्षे जी शुश्रूषा करावी लागते, तिचा खर्च यांपैकी कोणतीही आरोग्य विमा योजना उचलत नाही. ही जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे कुटुंबावर, विशेषतः घरातील स्त्रियांवर पडते.

पार्श्वभूमी

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आदिवासी भागासाठीच्या शासकीय निकषानुसार ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र व २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र अपेक्षित असते. डहाणू येथे उपजिल्हा रुग्णालय आणि तलासरी येथे ग्रामीण रुग्णालय आहे. मोठ्या आजारासाठी रुग्णांना मुंबई, वापी, वलसाड किंवा सिल्वासा येथे न्यावे लागते.

किनाऱ्यावरील वरोर, वाढवण, चिंचणी ही गावे मासेमारी व शेतीवर अवलंबून आहेत. पूर्वेकडील पाड्यांत प्रामुख्याने वारली समाजाची वस्ती आहे. मच्छीमार असो वा शेतमजूर, त्याला नोकरदाराप्रमाणे निवृत्तीवेतन किंवा मालकाकडून मिळणारा आरोग्य विमा नसतो. शरीर चालेनासे झाले की कमाई थांबते.

रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण

राज्यात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे ती राज्यभर लागू झाली व २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तिच्यात प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. २०२३ च्या शासन निर्णयाने राज्य योजनेची मर्यादाही दीड लाखावरून ५ लाख रुपये करण्यात आली आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना तिच्यात सामावून घेण्यात आले.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते. कुटुंब आधीपासून केंद्रीय योजनेत असल्यास घरातील अशा ज्येष्ठांसाठी ५ लाखांचे वेगळे संरक्षण असते. ते तरुण सदस्यांबरोबर वाटून घ्यावे लागत नाही.

केंद्रीय योजनेत दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस व घरी पाठवल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्च धरला जातो. पक्षाघाताच्या रुग्णाला खरी गरज सोळाव्या दिवसापासून लागते. कूस बदलणे, शय्याव्रण होऊ न देणे, भरवणे, शौचास नेणे, व्यायाम करून घेणे ही कामे कोणत्याही विमा पॅकेजमध्ये बसत नाहीत.

घरी व गावात मिळणारी सेवा

ही उणीव भरून काढणे हा २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमाचा एक उद्देश आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी १० खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांचा दवाखाना आणि अंथरुणावरील रुग्णांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्यांची भेट अपेक्षित आहे. घरभेट ही कार्यक्रमातील सर्वांत उपयोगी तरतूद म्हणावी लागेल, परंतु ती देखरेखीपुरती असते. रोजची सेवा तिच्यात येत नाही.

उपचारांपर्यंत पोहोचणे हाही एक प्रश्न आहे. वरोरहून रेल्वे गाठण्यासाठी वाणगाव स्थानकापर्यंत रस्त्याने जावे लागते. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवासही मोफत आहे.

आर्थिक साहाय्य व कायदा

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेतून ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांना २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये इतकी अल्प असल्याने अनेक गरजू बाहेर राहतात. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये दिले जातात.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७ यानुसार मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळवता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करावा लागतो; या दोन्ही तालुक्यांसाठी ते कार्यालय डहाणूला आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मुलांना दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, कलम २३ खाली परत मिळवता येते. ही अट लेखी असणे हिताचे ठरते. कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० वृद्धांसाठी वृद्धाश्रमाचा उल्लेख आहे, पण शासन तो स्थापन ‘करू शकेल’ अशी शब्दरचना असल्याने ते बंधन ठरत नाही.

अमेरिकेशी तुलना

अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर ही योजना सुरू झाली. श्रीमंत देशाच्या या योजनेतही हीच त्रुटी आहे. रुग्णालयात राहिल्यानंतर कुशल शुश्रूषा केंद्रातील जास्तीत जास्त १०० दिवस तिच्यात येतात. अंघोळ, जेवण यांसारखी नित्याची मदत येत नाही. ती मदत मेडिकेड या गरिबांसाठीच्या योजनेतून मिळते, आणि त्यासाठी आधी स्वतःची बचत बहुतांशी संपवावी लागते. मुलांकडे कायम राहण्यास गेलेल्या मराठी आई-वडिलांनी तेथे पुरेशी नोकरी केलेली नसते. अशांना सलग ५ वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतरच हप्ता भरून मेडिकेअर घेता येते.

भारतात ज्येष्ठांच्या तक्रारी व माहितीसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.