जलस्नेही पृष्ठलेप : औद्योगिक उपयोग व मागणी

काच, धातू, प्लास्टिक किंवा रबर यांच्या पृष्ठभागावर पडलेले पाणी थेंबाथेंबाने न साचता पातळ थर होऊन पसरावे, यासाठी दिलेल्या लेपास जलस्नेही पृष्ठलेप म्हणतात. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत प्लास्टिक फिल्म, वाहनांचे सुटे भाग आणि औषधे यांची निर्मिती होते. या तिन्ही उद्योगांना असे लेप किंवा त्याच परिणामाच्या पृष्ठप्रक्रिया लागतात.

तत्त्व : थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्यास स्पर्शकोन म्हणतात. तो ९०° पेक्षा कमी असल्यास पृष्ठभाग जलस्नेही, जास्त असल्यास जलविरोधी आणि जवळजवळ शून्य असल्यास अतिजलस्नेही मानतात. या कोनाचे गणित इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडले. मुळात जलस्नेही असलेला पृष्ठभाग खडबडीत केल्यास त्याची जलस्नेहिता आणखी वाढते, हे रॉबर्ट वेन्झेल यांनी १९३६ मध्ये दाखवले. २०° से. तापमानास पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७३ मिलिन्यूटन प्रतिमीटर असतो, तर पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा सुमारे ३० असते. त्यामुळे या प्लास्टिकवर पाणी पसरत नाही. लेपातील हायड्रॉक्सिल, कार्बॉक्सिल, अमाइड यांसारखे ध्रुवीय गट पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात आणि ही तफावत भरून काढतात.

प्रकार व इतिहास : पॉलिव्हिनिल पायरोलिडोन, पॉलिव्हिनिल अल्कोहोल व पॉलिएथिलीन ग्लायकोल ही बहुवारिके, सिलिका व टायटॅनियम डायऑक्साइड यांचे अकार्बनी थर आणि पृष्ठक्रियाकारी द्रव्ये हे लेपांचे मुख्य वर्ग होत. ऑटो विख्टर्ले व द्राहोस्लाव्ह लिम या चेक रसायनशास्त्रज्ञांनी पाणी धरून ठेवणाऱ्या जेलवरील संशोधन १९६० मध्ये प्रसिद्ध केले. मऊ स्पर्शभिंगे त्यातूनच आली. १९८३ मध्ये स्वीडनमध्ये जलस्नेही लेपाची मूत्र काढण्याची नळी (कॅथेटर) बाजारात आली. अतिनील किरण पडल्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर अतिजलस्नेही होतो, हे जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. २००१ मध्ये ब्रिटनच्या पिल्किंग्टन कंपनीने या तत्त्वावरील स्वतः स्वच्छ होणारी काच विक्रीस आणली.

फिल्म उद्योग : संभाजीनगरात या विषयाचे सर्वांत मोठे क्षेत्र प्लास्टिक फिल्मचे आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या कॉस्मो फिल्म्सचे (आताचे नाव कॉस्मो फर्स्ट) वाळूज व शेंद्रा येथे कारखाने असून तेथे द्विअक्षीय ताणलेली पॉलिप्रॉपिलीन फिल्म तयार होते. आबासाहेब गरवारे यांनी उभारलेल्या उद्योगसमूहातील गरवारे हाय-टेक फिल्म्स ही कंपनी वाळूज व चिकलठाणा येथे पॉलिएस्टर फिल्म बनवते. वेष्टनाच्या फिल्मवर शाई, गोंद किंवा धातूचा थर बसायचा तर तिचा पृष्ठभाग आधी ओलावणारा करावा लागतो. त्यासाठी कोरोना ट्रीटमेंट देतात. ही पद्धत १९५१ पासून डेन्मार्कमध्ये विकसित झाली. उच्च विद्युतदाबाच्या विसर्जनाने फिल्मच्या वरच्या थरात ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात आणि पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा ३८ मिलिन्यूटन प्रतिमीटर किंवा त्याहून अधिक होते. साठवणुकीत हा परिणाम उतरत जातो. जल-आधारित शाईसाठी किंवा लेबलांसाठी अधिक टिकाऊ पकड हवी असल्यास फिल्मवर वेगळा लेप द्यावा लागतो. ताज्या भाजीच्या वेष्टनात आणि पॉलिहाउसच्या आच्छादनात धुके न धरणारी फिल्म वापरतात. अशा आच्छादनावर पाण्याचा सलग थर होतो, थेंब पिकावर गळत नाहीत आणि बुरशीचा धोका कमी होतो.

वाहन उद्योग : बजाज ऑटोचा वाळूज कारखाना १९८५ पासून चालू आहे आणि त्याच्या आधाराने येथे सुट्या भागांचे लघुउद्योग वाढले. दुचाकींचे दिवे बनवणारी व्हॅरॉक ही कंपनीही याच शहरातली. जुना हॅलोजन दिवा स्वतःच्या उष्णतेने पुढची पॉलिकार्बोनेट काच कोरडी ठेवत असे. एलईडीचा प्रकाशझोत तुलनेने थंड असल्याने पावसाळ्यात काचेच्या आत दव साचते. म्हणून काचेच्या आतील बाजूस धुकेरोधक जलस्नेही लेप देण्याची गरज जगभर वाढली आहे. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर व एथर एनर्जी यांनी बिडकीन–शेंद्रा औद्योगिक पट्ट्यात प्रकल्प जाहीर केल्याने येथे या मागणीला आणखी वाव आहे. विजेवरील वाहनांच्या लिथियम बॅटरीतील विभाजक पडद्यासही विद्युत-अपघटनी द्रव सहज शोषता यावा म्हणून सिरॅमिक लेप देतात.

इतर उपयोग : औषधाच्या गोळ्यांवर हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइल सेल्युलोजचे पातळ जलस्नेही आवरण चढवतात. ते पोटात लवकर विरघळते. वॉकहार्टसारख्या औषध कंपन्यांमुळे हे तंत्र संभाजीनगरास परिचित आहे. वातानुकूलन यंत्रातील ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर जलस्नेही लेप असल्यास थेंब पट्ट्यांमध्ये अडकून हवा अडवत नाहीत. सांडपाणी शुद्ध करणारे पडदे जलस्नेही केल्यास त्यांवर तेलकट मळ कमी चिकटतो. जायकवाडी धरणाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या या वसाहतींना हा उपयोग विशेष महत्त्वाचा आहे.

चाचणी : स्वच्छ केलेल्या धातूच्या पत्र्यावर पाण्याचा थर न फुटता टिकतो का, हे पाहण्याची जलभंग चाचणी पावडर कोटिंगच्या लहान शॉपमध्येही करता येते. फिल्मसाठी डाइन पेन वापरतात. पेनची रेघ सुमारे दोन सेकंद अखंड राहिली, तर फिल्मची पृष्ठऊर्जा किमान पेनवरील आकड्याइतकी आहे असे समजतात. प्रयोगशाळेत गोनिओमीटरने स्पर्शकोन मोजतात.

मागणीचे स्वरूप : जलविरोधी लेप ग्राहकाला डोळ्यांनी दिसतो. कारच्या रंगावरून घरंगळणारा थेंब हीच त्याची जाहिरात असते. जलस्नेही लेपाची खरेदी मात्र बहुधा कारखाना करतो आणि ग्राहकाला तो वस्तूच्या गुणातून जाणवतो. वैद्यकीय साधनांत लेपाचे प्रमाण अल्प आणि मूल्य मोठे असते. फिल्ममध्ये क्षेत्रफळ प्रचंड व प्रतिचौरस मीटर दर कमी असतो. वाहनांत टिकाऊपणाच्या हमीवर सौदा ठरतो. २०१७ च्या वैद्यकीय साधने नियमांनी भारतात दर्जाची चौकट घातली आणि २०२० मध्ये या क्षेत्रासाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली. त्यामुळे देशी लेपांना नवी बाजारपेठ मिळण्याची शक्यता आहे.

मर्यादा : फिल्ममध्ये मिसळलेली पृष्ठक्रियाकारी द्रव्ये पाण्याबरोबर धुऊन जातात. फुगणारे बहुवारिक थर घासल्यास झिजतात. स्वतः स्वच्छ होणाऱ्या काचेला ऊन आणि पाऊस दोन्ही लागतात. संभाजीनगरात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेल्या आठ महिन्यांत धूळ धुऊन काढण्यास पाणी नसते. म्हणून काचेच्या इमारती किंवा सौर पटले यांवर असा लेप परदेशी अनुभवाच्या भरवशावर देणे मराठवाड्यात फायद्याचे ठरत नाही.

मूल्यमापन : या शहराचे खरे बळ फिल्म, दिवे व औषधे यांत आहे आणि तिन्ही ठिकाणी लेप बंदिस्त यंत्रावर, मोजून-मापून दिला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा रसायनतंत्र विभाग आणि सिपेट या प्लास्टिक तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेचे येथील केंद्र यांनी स्थानिक कारखान्यांसोबत टिकाऊ, जल-आधारित लेपांची सूत्रे घडवली, तर लेप विकत घेणारे हे शहर लेप बनवणारे होऊ शकते. त्यासाठी लागणारा ग्राहक वाळूज व शेंद्रा येथे आधीपासूनच आहे.