घुमटावरचा पाऊस आणि गणिताची भाषा

उर्दू माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला गेलेली मुलं-मुली भेटली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सर, वरचं गणित आपल्या भाषेत नसतंच." इतिहास मात्र वेगळं सांगतो.

आपलं परभणी 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. तिथे 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं आणि शिक्षणाचं माध्यम ठरलं उर्दू. पुस्तकं हवीत म्हणून 1917 सालीच 'दारुल तर्जुमा' हा अनुवाद विभाग सुरू झाला होता. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं त्यांचं काम औरंगाबादेतून चालायचं. नवे शब्द कसे घडवावेत यावर वहीदुद्दीन सलीम यांनी 1921 साली आख्खा ग्रंथ लिहिला. कॅल्क्युलस, फिजिक्स, वैद्यकशास्त्र सारं उर्दूत शिकवलं जाऊ लागलं.

अवघड वाटणारी एक कल्पना घेऊन पाहू. ज्या राशीला दिशाही असते तिला मराठीत 'सदिश' म्हणतात, उर्दूत 'सिम्तिया'. सिम्त म्हणजे दिशा. दोन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात. असं सदिश क्षेत्र एखाद्या वक्र पृष्ठातून किती पार होतं, त्या मापाला मराठीत 'अभिवाह' म्हणतात.

समजा 7 मीटर त्रिज्येचा अर्धगोल घुमट आहे आणि 20 मिलिमीटर पाऊस अगदी सरळ खाली पडला. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त नियम आहे की गोलाचं पृष्ठफळ त्याच्या मधल्या वर्तुळाच्या चौपट असतं. म्हणजे अर्धगोल दुप्पट, 308 चौरस मीटर. मग घुमटावर 308 गुणिले 20, म्हणजे 6160 लिटर पाणी पडलं का?

नाही. माथ्यावर पाऊस पूर्ण लागतो, उतारावर तिरपा लागतो, आणि तळाशी जिथे भिंत उभी होते तिथे लागतच नाही. म्हणून प्रत्येक लहान तुकड्यावर सरळ आत शिरणारा भाग तेवढा मोजायचा आणि सगळ्याची बेरीज करायची. ती बेरीज तळाच्या वर्तुळाइतकीच येते. 154 चौरस मीटर, म्हणजे 3080 लिटर. घुमट नसता तर तेवढंच पाणी फरशीवर पडलं असतं. बंद आकाराच्या आत काही उगम नसेल, तर जेवढं आत शिरतं तेवढंच बाहेर पडतं. या विचाराचा व्यापक सिद्धांत गाउसने 1813 साली काही प्रकारांसाठी मांडला आणि ऑस्ट्रोग्राडस्कीने 1826 साली सिद्ध केला.

'लीलावती'चा फारसी अनुवाद 1587 साली अकबराच्या दरबारातल्या फैज़ीने केला. संस्कृत, फारसी, मग उर्दू आणि मराठी. गणिताने कधी कुणाचा मजहब विचारला नाही, भाषाही नाही.

पोलीस कारवाईनंतर उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं. इंग्रजीशी माझं भांडण नाही, ती शिकलीच पाहिजे. पण दोन पिढ्यांत आपण तो शब्दसंग्रह इतका विसरलो, की मुलांना गणितच परकं वाटू लागलं. मराठी शाळेतल्या मुलांची गतही फार निराळी नाही. परीक्षा इंग्रजीत द्या, पण घुमटावरचा पाऊस आधी घरच्या भाषेत समजून घ्या. ती भाषा हे ओझं पेलू शकते, हे तिने एकदा सिद्ध केलेलं आहे.